रंग वाळतो कसा, ते आधी विचारा

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं, तेव्हा काकांच्या गॅरेजमधला सहा इंची व्हाइस, म्हणजे वस्तू जबड्यात घट्ट पकडणारा शिकंजा, तोही चिखलात गेला. पाणी ओसरल्यावर सगळी धावपळ मोटारी आणि वेल्डिंग मशीन वाचवायची. व्हाइसकडे कोण बघतो? बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा ठोकळा, त्याला काय होणार! दिवाळीपर्यंत तो विटेसारखा लाल झाला होता. मी हौसेने वायर ब्रश मारला, गेटासाठी आणलेला ऑइल पेंट अर्धा डबा उरला होता, तो दोन जाड हात देऊन फासला. फोटो छान आला. पुढच्या पावसाळ्यात त्याच्या पाठीवरून नखाएवढे पोपडे सुटू लागले. एक पोपडा उलटा करून पाहिला, तर त्याच्या पोटाला गंजाची पूड चिकटलेली.

मी म्हटलं, "पेंटच हलका निघाला." काका म्हणाले, "पेंट चांगला होता रे. तू त्याला उभं राहायला जागाच दिली नाहीस."

नंतर तोच व्हाइस मी दुसऱ्यांदा रंगवला, मग एक ड्रिल मशीन आणि दोन-चार जुन्या चीजा. त्या निमित्ताने दुकानदार, गाड्या रंगवणारे कारागीर आणि डब्यांवरची बारीक अक्षरं यांच्याशी बरीच डोकेफोड झाली. "सगळ्यात टिकाऊ पेंट कोणता?" असं विचारलं की दुकानदार सगळ्यात महाग डबा पुढे करतो. विचारायला हवं ते हे, की हा रंग वाळतो कसा? एवढं कळलं की तो कशाला दबतो, कशाने विरघळतो, कशावर बसतो आणि कशावर बसत नाही, हे बरंचसं आपोआप कळतं.

रंगाच्या वाळण्याच्या ढोबळ चार तऱ्हा आहेत.

पहिली तऱ्हा मिठागराची. समुद्राचं पाणी उडून जातं, मीठ मागे राहतं. त्यावर पुन्हा पाणी ओतलं तर मीठ पुन्हा विरघळतं. एनसी म्हणजे नायट्रोसेल्युलोज लॅकर असंच वाळतं. थिनर उडतो, पापुद्रा उरतो, रासायनिक बदल काहीच होत नाही. १९२३ साली अमेरिकेत ड्यूपाँ कंपनीने हा रंग मोटारींसाठी 'ड्युको' नावाने आणला. त्याआधी एक मोटार रंगवून वाळायला आठवडेच्या आठवडे जायचे, ते काम तासांवर आलं. आपल्याकडे गाड्या रंगवणारे आजही त्या जातीच्या रंगाला ड्युकोच म्हणतात. झटपट वाळतो, घासून आरशासारखा करता येतो. पण कामाच्या टेबलावर थिनरचं एक बोळं त्याच्यावर विसरलात तर तिथला रंग बोळ्याबरोबर उठून येतो. साध्या स्प्रे कॅनमधले बरेच रंग याच तऱ्हेने वाळतात. शोभेला ठीक, वापरातल्या हत्याराला माझ्या मते नाही.

दुसरी तऱ्हा तेलाच्या बरणीची. करडईच्या तेलाची बरणी बरेच दिवस पुसली नाही की तिच्या गळ्याशी चिकट पिवळा थर जमतो, तो साबणानेही सहज निघत नाही. खोबरेल तेलाच्या बाटलीला असं होत नाही. करडई, जवस यांसारखी तेलं हवेतला ऑक्सिजन घेऊन हळूहळू घट्ट होतात, त्यांचे रेणू एकमेकांत गुंततात. ज्याला आपण सरसकट ऑइल पेंट म्हणतो तो सिंथेटिक एनॅमल याच तत्त्वावर चालतो. त्यात अशा तेलापासून बनवलेली अल्किड नावाची राळ असते, आणि वाळणं लवकर व्हावं म्हणून कोबाल्टसारख्या धातूंचे क्षार किंचित घातलेले असतात. टर्पेंटाइन काही तासांत उडतं आणि रंग हाताला कोरडा लागतो. खरं घट्ट होणं मात्र त्यानंतर सुरू होऊन आठवडे चालतं.

माझ्या पहिल्या फजितीचा अर्धा उलगडा इथेच आहे. ऑक्सिजन वरून आत जातो. जाड हात दिला की वरची साय आधी धरते, खालचा रंग हवेविना कच्चा राहतो. दुधावर साय आली म्हणून खालचं दूध आटलं असं होत नाही. अशा कच्च्या रंगावर दुसऱ्या दिवशी पाना पडला तर रंग दबतो, सरकतो, सुरकुततो. म्हणून ऑइल पेंटचे दोन-तीन पातळ हात द्यायचे, मध्ये एकेक दिवस सोडायचा, आणि शेवटच्या हातानंतर तीन आठवडे हत्यार कामाला लावायचं नाही. जाड हात म्हणजे टिकाऊ हात ही समजूत मी स्वतः एक पावसाळा पोसली, म्हणून ठासून सांगतो.

तिसरी तऱ्हा एम-सीलची. पाण्याची टाकी गळली की दोन गोळे मळून लावतो तेच. एकात राळ, दुसऱ्यात तिला बांधणारं रसायन. दोन्ही वेगळे असतात तोवर वर्षानुवर्षं मऊ, एकत्र आले की काही तासांत दगड. इथे हवेची गरज नाही, खालपर्यंत सारखंच घट्ट होतं. टू-पॅक एपॉक्सी आणि टू-पॅक पीयू म्हणजे पॉलियुरेथेन, हे या घराण्यातले. डब्याबरोबर हार्डनरची वेगळी बाटली मिळते. पेट्रोल, कटिंग ऑइल, केरोसीन, ब्रेक ऑइल यांना हेच दाद देत नाहीत. ब्रेक ऑइल तर साध्या एनॅमलचा शत्रूच आहे, एक ओघळ पुरतो.

चौथी तऱ्हा वीटभट्टीची. कच्ची वीट पावसात विरघळते, भाजलेली नाही. पावडर कोटिंगमध्ये रंगाची कोरडी पूड विजेच्या भाराने लोखंडाला चिकटवतात आणि साधारण १८० ते २०० अंश सेल्सिअसला दहा-वीस मिनिटं भाजतात. पूड वितळते, पसरते आणि रेणू कायमचे जोडले जातात. थर ६० ते ८० मायक्रॉनचा, म्हणजे डोक्याच्या केसाएवढा. ब्रशने मारलेल्या एनॅमलचा एक हात वाळल्यावर २५-३० मायक्रॉनच भरतो.

मग सगळंच पावडर कोटिंगला का देऊ नये? कारण जुनं हत्यार म्हणजे नवी खिडकीची ग्रिल नव्हे. बीड ओतताना त्यात बारीक छिद्रं राहतात, वर्षानुवर्षं तेल पीत गेलेली. भट्टीत ते तेल आणि अडकलेली हवा बाहेर यायला लागते आणि चकचकीत थरावर टाचणीच्या टोकाएवढी भोकं पडतात. अनुभवी कोटिंगवाला बीड आधी नुसतंच भाजून घेतो, मग पूड मारतो. दुसरं म्हणजे पाणी दिलेलं, म्हणजे कडक केलेलं पोलाद. छिन्नी, स्प्रिंग, व्हाइसच्या जबड्यातल्या कडक पट्ट्या यांची काही पोलादं २०० अंशांजवळ थोडी मऊ पडू शकतात. असे भाग काढूनच वस्तू द्यायची. आटे आणि बेअरिंगची जागा झाकली नाही तर जाड थरामुळे बोल्ट आत जात नाही, मग टॅप मारून आटे पुन्हा कापत बसा. स्टुल, टेबलाचे पाय, टूलबॉक्स, पत्र्याची कपाटं यांना मात्र पावडर कोटिंगसारखं दुसरं काही नाही.

वाळण्याच्या तऱ्हा कळल्या की कशावर काय चालतं तेही उलगडतं. ऑइल पेंटवर एनसी किंवा टू-पॅक मारलात तर त्यांचा जहाल थिनर खालच्या थरात शिरून त्याला फुगवतो आणि सगळा पृष्ठभाग वाळलेल्या चिंचेसारखा आकसतो. उलट, खाली एपॉक्सी असेल आणि वर ऑइल पेंट, तर टर्पेंटाइनने एपॉक्सीचं काही बिघडत नाही. पूर्ण घट्ट झालेली एपॉक्सी गुळगुळीत असते, म्हणून ४०० नंबरच्या वॉटर पेपरने तिची चमक मारून घ्यायची, एवढंच.

जुन्या रंगावरच नवा द्यायचा विचार असेल तर तो रंग कोणत्या घराण्यातला, हे एनसी थिनरच्या बोळ्यावरून कळतं. आडबाजूला बोळं दोन मिनिटं दाबून धरायचं. रंग विरघळून कापसाला लागला तर लॅकर, सुरकुतला तर एनॅमल, ढिम्म राहिला तर टू-पॅक किंवा भट्टीतला.

आता काका ज्याला "उभं राहायला जागा" म्हणाले, त्याकडे येतो. माझा वेळ खरा इथे गेला, आणि रंगाचं आयुष्यही इथेच ठरतं.

गंज म्हणजे लोखंडावरची धूळ नव्हे. लोखंडाचंच ते फुगलेलं, भुसभुशीत रूप. त्यावर रंग मारणं म्हणजे शेवाळलेल्या भिंतीवर चुना काढणं. वर कितीही भारी पेंट असो, तो भुशावर उभा असतो. वायर ब्रशने बऱ्याचदा गंज निघत नाही, पॉलिश होतो. खड्ड्यातला तिथेच राहतो. सुटे होणारे भाग मी लिंबूफुलाच्या, म्हणजे सायट्रिक ॲसिडच्या, कोमट पाण्यात बुडवले. रात्रभरात गंज काळपट गाळासारखा सुटला. विसरून दोन दिवस ठेवू नका, ॲसिड लोखंडही खातं. स्प्रिंगसारखे कडक पोलादाचे भाग तर यात घालूच नका, ते ठिसूळ होण्याचा धोका असतो.

व्हाइसच्या मोठ्या अंगाला विजेची तऱ्हा वापरली. प्लॅस्टिकच्या टबात धुण्याच्या सोड्याचं पाणी, बॅटरी चार्जरची ऋण तार व्हाइसला, धन तार एका भंगार लोखंडी पट्टीला. गंज सुटत जातो, पट्टी खाल्ली जाते. पट्टीच्या जागी स्टेनलेस स्टील कधीही लावू नका, पाण्यात क्रोमियमचं विषारी रूप उतरतं. हायड्रोजनही सुटतो, म्हणून हे काम अंगणात करायचं, जवळ विडी-सिगारेट नाही, आणि पाण्यात हात घालण्याआधी चार्जर बंद.

पुराच्या किंवा खाऱ्या हवेतल्या लोखंडात आणखी एक चोर असतो, तो म्हणजे क्षार. गंज काढल्यावरही ते खड्ड्यांत बसून राहतात, रंगाच्या पापुद्र्यातून ओलावा ओढतात आणि खालून फोड आणतात. म्हणून शेवटी साध्या पाण्याने दोन-तीनदा खसखसून धुवायचं आणि लगेच हॉट एअर गनने किंवा कडक उन्हात वाळवायचं. "लगेच" हा शब्द कोकणात शब्दशः घ्या. उघडं लोखंड डोळ्यांदेखत पिवळसर होतं.

तेलाचं उलटं. बीड तापवलं की मुरलेलं तेल घामासारखं बाहेर येतं. तापवा, पुसा, थिनरने पुसा, पुन्हा तापवा. थिनर पूर्ण उडून जाईपर्यंत गन हातात घ्यायची नाही, हे वेगळं सांगायला नको. फडकं पिवळं व्हायचं थांबेपर्यंत मला तीन फेऱ्या लागल्या. तेल राहिलं, विशेषतः सिलिकॉनवालं, तर ओला रंग त्या जागेवरून गोल गोल मागे सरकतो आणि खळगे राहतात.

जुना रंग खरवडताना एक सावधगिरी. जुन्या यंत्रांच्या रंगात शिसं असण्याची शक्यता मोठी. मारुतीला लावतात तो पारंपरिक शेंदूर म्हणजे शिशाचाच ऑक्साइड, आणि तो जवसाच्या तेलात कालवून लोखंडाला प्रायमर, म्हणजे रंगाखालचा पहिला हात म्हणून सर्रास लावत. भारतात घरगुती आणि सजावटीच्या रंगांत शिशाची मर्यादा ९० पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत ९० भाग, झाली ती १ नोव्हेंबर २०१७ पासून, आणि यंत्रांना लागणारे औद्योगिक रंग त्या नियमात येत नाहीत. तेव्हा ग्राइंडरला वायर व्हील लावून धुरळा उडवणं, रंग जाळून काढणं, दोन्ही नको. वॉटर पेपरने ओलं घासा. नाहीतर कॉस्टिक सोड्याच्या पाण्याने ऑइल पेंट सोडवा. हातमोजे आणि चष्मा घालून, आणि ॲल्युमिनियमच्या भागांपासून दूर, कारण कॉस्टिक त्यांना खातं.

कॉस्टिकने ऑइल पेंट सुटतो म्हणजे काय होतं? त्यातल्या तेलाचा साबण होतो. जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्यावर ऑइल पेंट वर्ष-दोन वर्षांत पापुद्र्यासारखा का निघतो, याचं उत्तरही हेच. ओलाव्यात जस्त आणि तेल यांच्यात जस्ताचा साबण तयार होतो आणि रंग त्या साबणावरून घसरतो. म्हणून अशा जस्ती, म्हणजे जीआय पत्र्याच्या पेटीला एपॉक्सी प्रायमर किंवा जस्तासाठी मिळणारा खास प्रायमरच हवा.

प्रायमरचं काम रंग देणं नाही, लोखंडाला धरून ठेवणं आहे. सगळीकडे मिळणारा रेड ऑक्साइड स्वस्त आहे, पण त्यातला लाल आयर्न ऑक्साइड हा मुख्यतः भराव. तो गंजाला फार अडवत नाही, आणि प्रायमर मारून वस्तू पावसाळाभर तशीच ठेवली तर प्रायमरमधूनच गंज डोकावतो. झिंक फॉस्फेट प्रायमर गंजाची क्रियाच मंदावतो. पिवळा झिंक क्रोमेट त्याहून कडक असला तरी त्यातलं क्रोमियम कर्करोगकारक आहे, घरी हात लावू नये. मी व्हाइसला एपॉक्सी झिंक फॉस्फेट लावला. दर एवढा जास्त की डबा परत ठेवावासा वाटतो, पण अशा दोन-चार वस्तूंना लागतो तो किती!

एपॉक्सीत हार्डनर किती घालायचा, ते प्रमाण डब्यावर लिहिलेलं असतं. ते मापाच्या कपानेच घ्यायचं, अंदाजाने हार्डनर वाढवून रंग जास्त कडक होत नाही, उलट उरलेला हार्डनर मऊ राहतो. एकदा कालवलं की काही तासांत संपवायला हवं, म्हणून थोडंथोडंच कालवायचं.

कडांकडे बघा. ओला रंग धारदार कडेवरून दोन्ही बाजूंना ओढला जातो, तिथे थर सगळ्यात पातळ उरतो आणि गंज पहिला तिथूनच शिरतो. कानशीने कड किंचित मोडायची आणि पूर्ण हात देण्याआधी लहान ब्रशने नुसत्या कडांना एक हात. दहा मिनिटांचं काम आहे.

हवामानाचं म्हणाल तर जूनपासून सप्टेंबरपर्यंत कोकणात मी डबा उघडत नाही. दमट हवेत एनसी पांढुरका पडतो, एपॉक्सीवर चिकट मेणासारखा थर येतो, आणि पीयूमधला हार्डनर पाण्याशीच संसार मांडून बुडबुडे सोडतो. हिवाळ्यातली सकाळही फसवी. जड बीड रात्रभर गार झालेलं असतं, हवा तापली तरी ते थंडच, आणि त्यावर न दिसणारं दव धरतं. लोखंड हाताला कोमट लागेपर्यंत थांबा.

वरचा रंग कोणता? इथे माझं मत सरळ आहे. व्हाइस, ऐरण, सी-क्लॅम्प यांसारख्या मार खाणाऱ्या वस्तूंना एपॉक्सी प्रायमरवर चांगला सिंथेटिक एनॅमल. मार बसला की टिकाऊतला टिकाऊ रंगही उडणारच, आणि एनॅमल घरी ब्रशने दुरुस्त होतो. ड्रिल मशीन, लेथ, जिथे कूलंट, म्हणजे थंड करणारं द्रव, आणि तेल रोज अंगावर पडतं, तिथे पीयू. पण पीयूचा हार्डनर आयसोसायनेट जातीचा असतो. फवाऱ्यात तो श्वासातून गेला तर आयुष्यभराचा दमा मागे लागू शकतो, आणि बाजारातला कापडी मास्क तिथे शून्य कामाचा. ड्रिल मशीनचे सुटे केलेले भाग मी रिक्षात घालून गाड्या रंगवणाऱ्याकडे नेले. त्याच्याकडे रंग फवारायचा बंदिस्त बूथ आहे, हवा पुरवणारा मास्क आहे. त्याला दुसऱ्या एका गाडीचा उरलेला राखाडी रंग होता, तोच मारून घेतला. एपॉक्सीच वरचा हात म्हणून ठेवायची तर हत्यार सावलीत हवं, उन्हात ती खडूसारखी पांढरी पडते.

छटेसाठी भारतीय मानक आयएस ५ ची यादी आहे. दुकानात "६३१ लाइट ग्रे" किंवा "५३७ सिग्नल रेड" असं नंबराने मागितलं की पुढच्या वर्षी दुरुस्तीलाही जवळपास तोच रंग मिळतो. ओबडधोबड बिडाला हॅमरटोन चांगला, त्याच्या ठोकल्यासारख्या नक्षीत खड्डे लपतात. फक्त त्याचा एक टवका उडाला तर नक्षी पुन्हा जुळत नाही.

आणि जिथे रंग लागू नये त्या जागा आधीच टेपने झाका. जबडे, सरकणारा दांडा, स्क्रूचे आटे, ऐरणीचा माथा, हातोडीचं तोंड. तिथे तेल किंवा ग्रीसच. हातोडीच्या लाकडी दांड्याला जवसाचं तेल. वापरलेलं फडकं मात्र चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. तेल ऑक्सिजन घेताना गरम होतं आणि तसा बोळा आपोआप पेटू शकतो. पाण्यात बुडवून ठेवा किंवा दोरीवर पसरून वाळवा.

व्हाइस आता तीन पावसाळे बघून झाला. पोपडा एकही नाही. मागच्या महिन्यात काकांनी त्याच्या पाठीवर एक वाकडा बोल्ट ठोकून सरळ केला आणि रुपयाएवढा टवका उडवला. खाली राखाडी एपॉक्सी तशीच शाबूत होती. मी ४०० नंबरने घासलं, उरलेल्या डब्यातला रंग लहान ब्रशने लावला आणि तीन आठवडे त्या जागेवर काही ठोकायचं नाही असं बजावलं. त्यांनी चौथ्या दिवशी ठोकलं.